पट्टा बसत नाही, बाई

माझ्या नाकावर राग असतो हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कोणी म्हणायला नको की बाई फार तोंडाळ आहे. आहेच. मेळ्यात तोंड नसलेल्या माणसाला लोक गर्दीत तुडवून पुढे जातात.

मेळ्यात आमचं काम टॉवरवर. टॉवर म्हणजे तो उंच लोखंडी खांब, त्याच्याभोवती बारा खुर्च्यांचं कडं असतं, ते कडं माणसांसकट वर नेतात आणि वरून सोडून देतात. बस, एवढाच खेळ. आमचे हे मशीन चालवतात आणि मी बायकांचे पट्टे लावते. आम्ही मूळ मेहकरचे. ह्यांचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. मेळ्याच्या ठेकेदाराची मोटार दोनदा जळाली, दोन्ही वेळा ह्यांनीच नवी तार भरून दिली, मग तो म्हणाला, तुम्हीच का नाही चालवत. पट्ट्यावर आधी एक बाप्या होता. मेहकरच्याच मेळ्यात एकाच्या बायकोचा पट्टा लावताना नवऱ्याने त्याची गचांडी धरली, तेव्हापासून ठेकेदाराचं धाबं दणाणलं. ह्यांना म्हणाला, घरच्या बाई येतील का? घरच्या बाई शिलाई मशीनवर बसून कंटाळल्याच होत्या.

पट्टा म्हणतो खरा, पण ती लोखंडी कमान असते, वर फोम गुंडाळलेली. डोक्यावरून येते, छातीवर बसते आणि खाली मांड्यांच्या मध्ये कटकन अडकते. अडकली की मी दोन्ही हातांनी उपटून पाहते. पाहिल्याशिवाय हात वर करत नाही, आणि माझा हात वर झाल्याशिवाय हे बटण दाबत नाहीत. एवढं मात्र आमच्या दोघांत कधी चुकलं नाही, घरात कितीही भांडण झालेलं असो.

सुरुवातीला मला त्या यंत्राची भीतीच वाटायची. वाटायचं, दोर तुटला तर? लाईट गेली तर? बुलढाण्यात लाईट कधी जाईल ते महावितरणलाही माहीत नसतं. एकदा सकाळी गर्दी नव्हती तेव्हा ह्यांनी मला खांबाच्या बुडाशी नेलं. खांबाच्या खालच्या भागात दोन्ही अंगांनी तांब्याच्या उभ्या पट्ट्या बसवलेल्या आहेत. खुर्च्यांच्या कड्याला आम्ही पाळणा म्हणतो, त्याच्या पाठीमागे जाडजूड चुंबकं आहेत. हे म्हणाले, "वर नेते मोटार. विंचवर, म्हणजे या ढोलावर, वायर रोप गुंडाळत जातो, तसा पाळणा वर जातो. वर एक लोखंडी आकडा हाय, तो सोडला की पाळणा मोकळा. मग त्याले कोणी धरेल नसते. खाली आला की चुंबक तांब्याच्या पट्टीत घुसते अन् आपोआप आवळते. जेवढ्या जोरात येईन तेवढं जास्त आवळते. याले लाईट लागत नाही, तेल लागत नाही, काहीच लागत नाही."

"मग लोक एवढे कोकलतात कशाला?"

"पोटासाठी," हे म्हणाले. "खुर्ची खाली पडते अन् माणूसबी तेवढ्याच वेगानं पडते. मंग खुर्ची बुडाले लागेल नसते. आतडं, जठर, सगळं अधांतरी होते. थे जे पोटात गोळा आल्यासारखं वाटते ना, थे थेच. मंग खाली ब्रेक लागला की तेच सगळं एकदम खाली दाबते. अंगाचं वजन दुप्पट झाल्यावानी. धडधाकट माणसाले काही होत नाही. दोन सेकंदाचं काम."

धडधाकट माणसाला. हा शब्द माझ्या डोक्यात बसला, कारण तो बोर्डावरही होता. हृदयाचा त्रास, रक्तदाब, मणक्याचा त्रास, नुकतंच ऑपरेशन झालेले, गरोदर स्त्रिया, यांनी बसू नये. लाल अक्षरात. आता इतकी वर्षं झाली, तो बोर्ड वाचून कोणी माघारी फिरलेलं मी पाहिलं नाही. पुरुष बीपी लपवतात. चार मित्रांसमोर कोण म्हणेल की मी सकाळी गोळी घेतो? त्यांना हे सरळ विचारतात, "काका, गोळी चालू हाय का?" आणि काका हसून म्हणतात, छे. चेहऱ्यावरून ओळखावं लागतं.

बायकांचं वेगळंच. आमच्याकडे दिवस राहिले की तीन महिने पुरे होईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. नजर लागते म्हणतात. माहेरी सांगत नाहीत, शेजारी सांगत नाहीत, कोणी कोणी तर नवऱ्यालाही सांगत नाहीत. आणि नेमके तेच महिने नाजूक. आता अशी बाई घरच्या पाच-सहा जणींबरोबर मेळ्यात येते. सगळ्या टॉवरच्या लाईनीत लागतात. तिने नाही म्हटलं की झालंच. तरणीताठी सून बसायला नाही म्हणते म्हणजे काय, ते आमच्या भागात दहा वर्षांच्या पोरीलाही कळतं. मग ती बिचारी गुपचूप बसते.

म्हणून मी एक युक्ती काढली होती. कमान खाली घेताना मी बाईच्या कानाशी वाकायची आणि हळूच विचारायची, "दिवस गेलेत का?" हो म्हणाली, किंवा नुसती गप्प जरी राहिली, तरी मी कमान दोनदा आपटायची, तोंड वाकडं करायची आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायची, "तुम्हाला पट्टा बसत नाही, बाई. उतरा." झालं. दोष पट्ट्याचा. बाई उतरायची, बाकीच्या मला नावं ठेवायच्या, आणि गुपित तिच्या पोटात राहायचं. हे कुरकुर करायचे की तुझ्यामुळे माझ्या पट्ट्यांची बदनामी होते. मी म्हणायची, होऊ द्या. खरं सांगते, मला त्या युक्तीचा लय गर्व होता. वाटायचं, डॉक्टरीणबाईला जे सांगत नाहीत ते मला सांगतात.

तो रविवार होता, मेळा बुलढाण्याला, दुपारचे चार वाजलेले. थंडीचे दिवस. बुलढाण्याची थंडी वाऱ्याची. घाटाकडून वारा येतो आणि कानात शिरतो. खेड्यावरची माणसं दुपारीच येतात, कारण संध्याकाळच्या एसटीने परत जायचं असतं. बायकांची लाईन फाटकाबाहेर गेलेली, स्पीकरवर गाणी कोकलत होती, आणि माझं डोकं आधीच भणभणलेलं.

तेव्हा त्या दोघी आल्या. सासू पंचावन्नच्या आसपासची, जांभळं पातळ, डोक्यावरून पदर, आणि पायात बहुधा मुलाचे कॅनव्हासचे बूट. सून बावीस-तेवीसची, सडसडीत, हिरव्या बांगड्या, डोळ्यांखाली काळं. मुलगा रेलिंगच्या पलीकडे पिशव्या सांभाळत उभा, एका हातात मोबाईल धरलेला. मोताळ्याच्या पुढचं कुठलं तरी गाव म्हणाले होते.

सासूबाई फाटकापासूनच बोलत आल्या. "मले बाहेरच्या अंगाले बसवा वो बाई. मले भेव नाही. म्या दोर धरून विहिरीत उतरेल बाई हाय, हे काय खेळणं."

सून हळूच म्हणाली, "आई, तुम्ही बसा ना. मी खाली थांबते."

"काऊन थांबते? घरात तं थांबूनच राह्यली साऱ्या दिवसाची." मग माझ्याकडे वळून, "हसतच नाही वो थे. सहा महिने झाले, दात नाही पाह्यले म्या तिचे. म्हणलं, चाल, दोघी मिळून आरडू वरून."

आता हे ऐकून शहाण्या माणसाने काय समजायला पाहिजे होतं? मी काय समजले ते सांगते. मी समजले, आली आणखी एक ओढून आणलेली सून. सासू म्हटलं की माझं डोकं आधीच फिरतं. माझ्या सासूने मला सातव्या महिन्यात विहिरीचं पाणी ओढायला लावलं होतं. ती आता नाही, पण माझा राग आहे. तेव्हा मी सासूबाईंना बसवलं, त्यांची कमान कटकन अडकवली, जरा जास्तच जोरात. मग सुनेकडे आले. कमान तिच्या डोक्यावरून घेताना कानाशी वाकले आणि विचारलं.

ती चमकली. तिने मान माझ्याकडे नाही, सासूकडे वळवली, आणि पटकन म्हणाली, "नाही."

"काय पुसून राह्यले वो तुम्ही तिले?" शेजारून सासूबाईंचा आवाज.

"काही नाही मावशी," मी म्हणाले, "केस बांधायला सांगितलं. वाऱ्याने डोळ्यात जातात."

त्यांनी लगेच आपल्या पदराचं टोक कमानीखाली खोचलं. सुनेच्या वेणीवर त्यांची नजर गेली असणार, कारण वेणी घट्ट बांधलेलीच होती. मी पुढच्या खुर्चीकडे गेले. पोरगी नाही म्हणाली होती ना, सरळ. गप्प राहिली असती तर गोष्ट वेगळी. बारा पट्टे उपटून पाहिले, फाटकाशी आले, हात वर केला.

पाळणा उचलला गेला. मी सवयीने खालून चेहरे बघत होते. भ्यालेली माणसं कुठे धरतात ते मला पाठ आहे. छातीवरच्या कमानीला दोन मुठी असतात, त्या धरतात. कोणी शेजारणीचा हात धरतं, कोणी डोळे झाकतं. दोन पुरुष उंचीवर पाळणा गेला तेव्हा मला त्या पोरीचे हात दिसले. तिने दोन्ही हात कमानीच्या खालून आत घातले होते आणि ओटीपोटावर उपडे ठेवले होते, तळहात पोटाकडे, कमान आणि पोट यांच्या मध्ये. मुठी मोकळ्याच होत्या.

मला आधी वाटलं, थंडी वाजत असेल. पाळणा आणखी वर गेला. मग माझ्या ध्यानात आलं. थंडी वाजली तर माणूस हात बगलेत घालतो. मी माझी दोन्ही बाळंतपणं आठवून सांगते, एसटी खड्ड्यातून जाताना मी असेच हात ठेवायची.

आता वेळ किती होता ते समजून घ्या. वर जायला अर्धा मिनिट. वर थांबलं की हे माईकवर मोजायला लागतात. एक, दोन, तीन. पण सोडतात कधी ते कोणालाच सांगत नाहीत. कधी दोनवर, कधी सातवर. म्हणतात, वेळ कळली तर माणूस अंग ताठ करून बसतो आणि मान दुखावतो. गोष्ट खरी आहे. पण त्यामुळे मलाही माहीत नसतं. एकदा का वरचा लोखंडी आकडा सुटला की मग देवही मध्ये पडू शकत नाही. चुंबक जेवढं धरायचं तेवढंच धरणार. लाल बटण आहे ते आकडा सुटायच्या आधीच कामाचं.

मी ओरडले. "थांबवा हो, थांबवा." स्पीकरवर गाणं चालू, हे माईकवर, पाठ माझ्याकडे. रांगेतल्या बायकांना वाटलं मी त्यांनाच ओरडते, त्या मागे सरल्या. फाटक आणि पॅनलच्या मध्ये रेलिंग होतं. त्याला वळसा घातला असता तर खेळ खलास होता. मी साडी वर खोचली आणि त्या वयात ते रेलिंग ओलांडलं. गुडघा लोखंडावर असा आपटला की डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"एक..." माईकवर ह्यांचा आवाज.

मी धावले. जमिनीवर केबल पडलेल्या, त्यांत पाय अडकला, पडता पडता वाचले.

"दोन..." आणि ह्यांचा अंगठा हिरव्या बटणाकडे गेला. मी ह्यांच्या काखेखालून हात घातला आणि लाल बटणावर पंजा आपटला.

सगळं बंद झालं. मोटार बंद, गाणं बंद, माईक बंद. विंचच्या ब्रेकचा धाड असा आवाज झाला आणि पाळणा वर जिथे होता तिथे लटकून राहिला. मग वरून बारा जणींचा आवाज आला, आणि तो मजेचा नव्हता.

ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की लग्नात सुद्धा एवढं पाहिलं नसेल. "डोकं फिरलं का तुयं? काऊन दाबलं?"

"वर एक पोटुशी आहे."

"सांगतलं तिनं?"

"नाही. नाही म्हणाली."

"मंग?"

"हात पाहिले मी तिचे."

ह्यांनी मान वर करून पाळण्याकडे पाहिलं. मग एकदम खालच्या आवाजात, कारण रेलिंगला माणसं गोळा होत होती, म्हणाले, "हातावरून तू बारा बाया वर लटकवल्या? अन् नसन तं?"

हे खरं होतं. मी चुकीची असू शकत होते. त्या पोरीला पोटात दुखतही असेल, पाळी आली असेल, काहीही असेल. माझ्याकडे पुरावा म्हणून दोन हात, तेही खालून पाहिलेले. रेलिंगवरून एकजण ओरडला, मशीन बंद पडली का हो? दुसरा मोबाईलवर शूटिंग करायला लागला. सुनेचा नवरा पिशव्या टाकून पुढे आला होता आणि वर बघत उभा होता, तोंडचं पाणी पळालेलं. त्याच्याकडे पाहून मला एक गोष्ट लख्ख कळली, त्यालाही माहीत नव्हतं. माहीत असतं तर त्याने बायकोला फाटकातून आतच येऊ दिलं नसतं.

हे म्हणाले, "हे पाय. बटण रिसेट करतो अन् सोडून देतो. दोन सेकंदाचं काम. आतापावतो खाली आल्या असत्या. असन तरी काही होत नाही एका वक्तीनं."

"तुम्ही डॉक्टर आहात?"

"अन् हातानं उतरवाले पंधरा मिनिटं लागतात. वर वारा पाय किती हाय."

"लागू द्या पंधरा मिनिटं." मी पॅनलच्या पुढे उभी राहिले, पाठ पॅनलला लावून. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. "त्या हिरव्या बटणाला हात तर लावून पाहा."

ह्यांनी शिवी हासडली, मला नाही, अशीच, हवेत. आणि विंचपाशी जाऊन लांब दांडा काढला.

हाताने उतरवणं म्हणजे काय ते मी त्याआधी एकदाच पाहिलं होतं, आणि तेही रिकाम्या पाळण्याचं. विंचच्या ब्रेकमध्ये दांडा घालायचा आणि थोडा थोडा ढिला करायचा. ढिला केला की पाळणा आपल्या वजनाने हातभर खाली येतो, लगेच आवळायचा. जास्त ढिला केला तर पाळणा धसकन येतो आणि आवळताना झटका बसतो. म्हणजे जे चुकवायला निघालो तेच बारकं-बारकं दहा वेळा घडायचं. ह्यांना ते माहीत होतं. त्यांनी स्वेटर काढून टाकलं. थंडीतही कानशिलावरून घाम येत होता.

मी खाली उभी राहून सांगत होते, "हं, थोडं. बस. बस म्हटलं ना." आणि वर बघत होते. एकदा दांडा निसटला आणि पाळणा वीतभर धसकला. वरून किंकाळी आली. ह्यांनी दोन्ही हातांनी दांडा दाबून धरला आणि डोळे मिटून उभे राहिले.

त्या गोंधळात वरून एकच आवाज स्पष्ट ऐकू येत होता, सासूबाईंचा. आधी आम्हाला शिव्या घालत होत्या, माझ्या सात पिढ्या उद्धरल्या. मग त्या शिव्या थांबल्या. सुनेशी बोलू लागल्या. "खाली नको पाहू. माह्याकडे पाय. डोळे मीट. म्या हाय ना बाजूले, कुठी चालली म्या." तेच तेच, पुन्हा पुन्हा. पाळणा तीन पुरुष उंचीवर आला तेव्हा दिसलं, त्यांनी कमानीतून हात काढून सुनेचं मनगट धरलं होतं. तिचा दुसरा हात पोटावरच होता.

पाळणा टेकला तेव्हा ह्यांनी दांडा टाकला आणि तिथेच जमिनीवर बसले. मी सरळ त्या पोरीकडे गेले. कमान उघडली. ती पांढरी फटक पडली होती, ओठ सुकलेले. मी अगदी हळू म्हणाले, "ठीक आहे ना? दुखत नाही ना कुठे?" तिने मान हलवली, नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती.

बाकीच्या दहा जणी उतरल्या त्या भांडायलाच. लोक ह्यांच्याभोवती जमले. काय मशीन आणता, माणसं मारता का, पोलिसांना बोलवा. मी मोठ्याने सांगून टाकलं, "मशीनमध्ये फॉल्ट होता. पैसे परत मिळतील. चला, बाजूला व्हा." ह्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्या यंत्राचा एकेक नट ते रोज सकाळी स्वतः तपासतात. पण त्यांनी ते ऐकून घेतलं. मला वाटलं, निभावलं. नेहमीसारखं. दोष यंत्राचा, गुपित पोरीच्या पोटात.

तेवढ्यात सासूबाई सुनेला म्हणाल्या, "जाऊ दे. मशीनच खराब हाय या लोकायची. चाल, थे नाव हाय ना, तिच्यात बसू. तिच्यात तं पट्टाबी नाही. एवढ्या दूर आलो, अन् तू रडून घरी जाशीन का?"

नाव म्हणजे ती मोठी होडी, झोक्यासारखी उभी चढते आणि उलटी येते. आमच्या टॉवरचे दोन सेकंद असतात, तिच्यात पाच मिनिटं पोट वरखाली होत असतं. त्यांनी सुनेचा हात धरला आणि निघाल्या. आणि ती पोरगी चालू लागली. नाही म्हणालीच नाही. पाच पावलांवर तिने मागे वळून माझ्याकडे पाहिलं.

मी धावत जाऊन तिचा दंड धरला आणि पुन्हा, अगदी तसंच, तिच्या कानाशी वाकून म्हणाले, "सांग त्यांना."

सासूबाई थांबल्या. "मघापासून तुम्ही काय कानात सांगून राह्यले वो माह्या सुनेच्या?"

पोरीने माझ्या हातातून दंड सोडवून घेतला, पदर तोंडाला लावला, आणि जेमतेम ऐकू येईल असं म्हणाली, "आई, मले दिवस राह्यले. सव्वादोन महिने झाले."

सासूबाई तिथेच, तिकीट खिडकीच्या लोखंडी पायरीवर, खाली बसल्या. पायातल्या बुटांवरची धूळ पदराने झटकली. मग म्हणाल्या, "मले काऊन नाही सांगतलं?"

"मागच्या दोन्ही खेपेले लवकर सांगतलं होतं ना," पोरगी म्हणाली. "अन् दोन्ही खेपेले गेलं. या खेपेले म्हणलं, कोणालेच नाही सांगत. यायलेबी नाही सांगतलं." तिने रेलिंगकडे, नवऱ्याकडे, मान हलवली. "अन् तुम्ही इतक्या हौशीनं आणलं. नाही कसं म्हणू?"

सहा महिने हसली नव्हती ती पोर. आता मला त्याचा अर्थ कळत होता, आणि कळून काही उपयोग नव्हता.

सासूबाईंनी उठून तिच्या डोक्यावरचा पदर नीट केला. मला वाटलं आता मलाच धरणार. पण त्या माझ्या बाजूने निघून ह्यांच्याभोवती जमलेल्या गर्दीत गेल्या. एकजण ह्यांच्या छातीवर बोट आपटत होता. सासूबाईंनी ते बोट बाजूला केलं.

"मशीन बरोबर हाय यायची," त्या म्हणाल्या, चारचौघांना ऐकू जाईल अशा आवाजात. "माह्याचपायी थांबवली. वर गेल्यावर मले भेव वाटलं. छातीत धडधडाले लागलं. म्याच खाली हात हलवला, उतरवा म्हणून. त्या मशीनवाल्याले काऊन बोलता? त्यानं माहा जीव वाचवला."

गर्दीत कोणी हसलं. "काय आजी, एवढ्यातच?" विहिरीत उतरलेली ती बाई, तिने ते हसू ऐकून घेतलं आणि मान डोलावली, हाव, भेलीच म्या. लोक पांगले. रांगेतल्या बायका परत फाटकाकडे सरकल्या.

मी अजून तिकीट खिडकीपाशीच उभी होते. सासूबाई परत आल्या, सुनेच्या हातातली पिशवी आपल्याकडे घेतली, मुलाला हाक मारली, एसटीची वेळ विचारली. मग माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"वर जायच्या आंधी तुम्ही तिच्या कानात हेच पुसलं होतं ना?"

"हो."

"अन् मले सांगतलं, केस बांध म्हणलं."

"हो, मावशी."

"म्या तिच्या बाजूलेच बसेल होती. माह्याकडे पाहून थे नाही म्हणली, दिसलं मले. तुम्ही मोठ्यानं पुसलं असतं, तं तिले खोटं बोलाची पाळी आली नसती. म्याच उतरवली असती तिले, कमान तोडून." त्यांचा आवाज चढला नव्हता. तो चढला असता तर बरं झालं असतं, चढल्या आवाजाला मला उत्तर देता येतं. "दोन्ही वक्ती दवाखान्यात म्याच होती. रक्ताचे कपडे म्या धुतले या हातानं. तिनं काऊन लपवलं थे समजलं मले. तुम्ही माह्यापासून काऊन लपवलं, थे नाही समजलं."

उत्तर ऐकायला त्या थांबल्या नाहीत. सुनेला मध्ये घेऊन तिघे बसस्टँडकडे निघाले, सासूबाई एका अंगाला, मुलगा दुसऱ्या. तो सारखा बायकोच्या तोंडाकडे बघत होता. त्याला अजून कोणी काही सांगितलं नव्हतं. पुढे त्या पोरीचं काय झालं, मूल राहिलं की गेलं, मला माहीत नाही.

हे पाळण्याचा आकडा तपासून खाली आले आणि पॅनलपाशी उभे राहिले. फाटकात पुढच्या बारा जणी येऊन बसल्या होत्या. पहिल्या खुर्चीवर एक नवी नवरी, शेजारी तिची सासू. मी कमान खाली घेतली आणि सवयीने नवरीच्या कानाकडे वाकले. तशीच सरळ झाले. सासूकडे वळले आणि विचारलं, "मावशी, तुमच्या सुनेला दिवस गेलेत का?"